दोन बोटं जास्त

तोळेसाहेबांची पाठ धरली ती भर कचेरीच्या फाटकात, चारचौघांदेखत. सायकलवरून उतरायला त्यांनी उजवा पाय मागून फिरवला. पाय आला, पण पाठ आली नाही. ती हँडलवर ओणवली होती तशीच राहिली. वॉचमनला वाटलं, साहेब पुढच्या चाकातली हवा बघताहेत. तो अदबीने बाजूला उभा राहिला. बराच वेळ झाला तेव्हा त्यानेही वाकून हवा बघितली.

"ठीक आहे की, साहेब."

"हवा ठीक आहे," तोळेसाहेब जमिनीकडे बघत म्हणाले, "मला उचल."

दोन शिपायांनी त्यांना उचललं आणि होते तसे, म्हणजे काटकोनात, पहिल्या मजल्यावर नेऊन खुर्चीत ठेवलं. खुर्चीत ते इतके चपखल बसले की दिवसभर कुणाला कसला संशय आला नाही. भानगड उघडकीला आली ती कचेरी सुटल्यावर. सगळे उठले, साहेबही उठले, पण उंची काही वाढली नाही.

तोळेसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे. वजनंमापं तपासायच्या कचेरीत त्यांची उभी हयात गेली होती, त्यामुळे गावाने त्यांना हे नाव दिलं आणि खरं नाव दारावरच्या पाटीपुरतं उरलं. ते बाजारात शिरले की तराजूचे काटे आपोआप मध्यावर येत, अशी वदंता होती. एका वाण्याने तर त्यांना लांबून येताना बघून घाबरून स्वतःचं वजन खरं सांगून टाकलं होतं. अशा माणसाने काटकोनात घरी यावं, हा त्यांच्या अब्रूला बसलेला पहिला धक्का. दुसरा धक्का घरी वाट बघत होता.

तो म्हणजे त्यांचा मेहुणा, बायकोचा थोरला भाऊ. याने नुकतीच बंद काचांची, थंडगार हवेची मोटार घेतली होती आणि तिच्यात बसवायला त्याला माणूस हवा होता. कारण मेहुण्याकडे सांगण्यासारखं फार होतं. माणसाने श्वास कसा घ्यावा, घास किती वेळा चावावा, उशी कुठल्या कुशीला घ्यावी, जोड्याचे बंद कुठून सुरू करावेत, या प्रत्येक बाबतीत त्याचं म्हणणं होतं. आणि त्याच्या घरात ते ऐकायला कुणी शिल्लक राहिलं नव्हतं.

"माझं म्हणणं ऐका, भाऊजी," तो म्हणाला, "ती सायकल भंगारात घाला. उद्यापासून मी तुम्हाला दारातून उचलतो आणि कचेरीच्या दारात ठेवतो."

"मला आजच उचलून ठेवलंय," तोळेसाहेब म्हणाले. पण तोंड जमिनीकडे असल्यामुळे ते जमिनीलाच ऐकू गेलं.

पाठ सरळ होईपर्यंत मोटारीला पर्याय नव्हता. त्या प्रवासाचं वर्णन काय करावं! मेहुणा आधी सगळ्या काचा वर करी, म्हणजे थंड हवा बाहेर जाऊ नये. पण तोळेसाहेबांना पहिल्याच दिवशी उमगलं की हवेचं निमित्त. शब्द सांडू नयेत म्हणून ही खबरदारी आहे. लाल दिवा लागला की मेहुणा खुलत असे. हिरवा लागला तरी विषय संपेपर्यंत तो गाडी हलवत नसे. मागचे हॉर्न वाजवीत, तर म्हणे, "बघा, लोकांना धीर नाही. धीरावर माझं म्हणणं असं..."

आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी तोळेसाहेबांनी कुणालाच सांगितली नव्हती. घरात बायको बोले, कचेरीत मोठे साहेब बोलत, बाजारात दुकानदार गयावया करीत. दिवसातून फक्त दोनदा, जाताना आणि येताना, त्या जुन्या काळ्या सायकलवर त्यांच्याशी कुणी बोलत नसे. सळ्यांचे ब्रेक, घोड्याच्या मानेसारखा उभा दांडा आणि चाकांचा तो सूंऽऽ असा एकसुरी आवाज. त्या वेळात ते कुणाचे नवरे नसत, कुणाचे हाताखालचे नसत, कुणाचे भाऊजी नसत. आयुष्यात मला सगळ्यात आवडतो तो हा वेळ, असं ते बायकोला सांगणार कसे? असली सत्यं संसारात मनातच मुरवायची असतात.

म्हणून पाठ जरा सरळ झाल्यावर त्यांनी बायकोसमोर विषय काढला तो आडून.

"सायकल वाईट नाही गं. ती माझ्या मापाची नाही, एवढंच. सीट खाली, हँडल पुढे. म्हणून वाकावं लागतं. मापात करून घेतली तर खुर्चीत बसल्यासारखा जाईन."

"खुर्चीतूनच तर ताठ उठता आलं नाही तुम्हाला."

"आरामखुर्चीत बसल्यासारखा."

बायकोने भाजी निवडता निवडता त्यांच्याकडे बघितलं. ती बोलायची भरपूर, पण निकाल थोडक्यात द्यायची. "सोमवारी सायकलवरून कचेरीत जा. मी दादाबरोबर मागून गाडीतून येते. ताठ पोचलात तर सायकल राहील. वाकून पोचलात तर ती भंगारात, आणि निवृत्त होईपर्यंत दादाची गाडी. कबूल?"

निवृत्त होईपर्यंत! तोळेसाहेबांच्या डोळ्यांपुढून न संपणाऱ्या लाल दिव्यांची एक रांग सरकून गेली. "कबूल," ते म्हणाले, आणि त्यांची पाठ आतल्या आत शहारली.

*

आता सायकल मापाची करायची म्हणजे आधी माणसाचं माप हवं. दुसरा कुणी असता तर सायकलवाल्याकडे गेला असता, एकदा बसून बघितलं असतं आणि "जरा वर घे रे" म्हणाला असता. पण 'जरा' हा शब्द तोळेसाहेबांनी उभ्या जन्मात खपवून घेतला नव्हता. गावात माणसाचं माप शास्त्रशुद्ध घेणारा एकच इसम, तो म्हणजे टेलरमास्तर. साहेब त्याच्या दुकानात शिरले तसा मास्तरने गळ्यातला टेप झटक्यात पाठीमागे लपवला.

"टेप काढा, मास्तर. तपासणी नाही. मापं घ्यायची आहेत."

"शर्ट की सफारी?"

"सायकल."

मास्तरने जन्मात बरंच काही शिवलं होतं, एकदा तर एका मोटारीचा झगाही शिवला होता, पण सायकल शिवायची वेळ पहिलीच. तरी माणूस धंद्याचा पक्का. "घट्ट हवी की सैल?" त्याने विचारलं. मग त्याने साहेबांना भिंतीला टेकवून उभं केलं, एका पायावर उभं केलं, शिलाई यंत्रावर बसवून पाय मारायला लावले. दुकानात आलेल्या बाया-माणसांना हे बघून स्फुरण चढलं. एक म्हणाली, गुडघा मोजा, सगळं गुडघ्यात असतं. दुसरा म्हणाला, मान मोजा, माझ्या साडूची मानच आखूड निघाली होती. एक आजोबा उठून पुन्हा पुन्हा सांगू लागले, "श्वास सोडू नका, श्वास सोडला की माणूस खाली बसतो." साहेब श्वास धरून एका पायावर उभे, आणि मास्तर कागदावर आकडे टिपतोय.

पण टिपताना मास्तरने मान वर केली. समोर साक्षात तोळेसाहेब! उद्या माप कमी भरलं तर हा माणूस टेप जप्त करील. मास्तरने तीस वर्षं एकच व्रत पाळलं होतं: कापड कमी पडलं तर गिऱ्हाईक जातं, जास्त झालं तर आत दुमडता येतं. त्याने प्रत्येक आकड्यात गुपचूप दोन बोटं वाढवली.

कागद घेऊन साहेब घरी आले आणि दिव्याखाली बसून त्याच्याकडे बघत राहिले. त्यांच्या सबंध नोकरीत त्यांना पुरतं माप कधी भेटलं नव्हतं. तेल असो, तूर असो, कापड असो, जगात प्रत्येक माप थोडं कमीच असतं, हा त्यांचा अनुभव. मग हा मास्तर काय स्वर्गातून उतरला? त्यांनी पेन काढलं आणि प्रत्येक आकड्यात दोन बोटं वाढवली.

पुढचं बायकोच्या वाट्याला आलं. साहेब कचेरीत, आणि तो कागद व सायकल घेऊन तीच मिस्त्रीकडे गेली. मिस्त्री म्हणजे सायकलवाला. याच्यासारखा बढाईखोर माणूस शोधून सापडायचा नाही. नट आवळण्याआधी तो नटाच्या घराण्याचा इतिहास सांगे. "वहिनी, या हातांनी..." असं तो सुरू करी आणि ते हात तोवर रिकामेच हवेत फिरत राहात.

"हे बघा मिस्त्री," वहिनी म्हणाल्या, "सीटला मऊ गादी करा, स्प्रिंगा घाला. आणि गादी बसली की दबते, हे लक्षात असू द्या. ह्यांचं सगळं नेहमी कमीच असतं. कागदावर असेल त्याहून दोन बोटं वरच ठेवा. मागच्या कॅरियरलाही गादी करा, मी भाजी ठेवीन."

आणि वहिनी गेल्यावर मिस्त्रीने काय केलं? सांगायला हवं का? कागद तोळेसाहेबांचा. काम त्यांच्या डोळ्यांखालून जाणार. माप कमी पडलं तर दुकानाला टाळं लागलंच म्हणून समजा. त्याने सीटसाठी दोन बोटं वाढवली, स्प्रिंगसाठी दोन, हँडलसाठी दोन, आणि आपली म्हणून दोन.

बोट दिलं की हात धरतात, ही म्हण माणसांपुरती आहे असा आपला समज असतो. मापांनाही ती तंतोतंत लागू पडते.

*

रविवारी सकाळी तोळेसाहेब सायकल बघायला गेले. मिस्त्रीच्या दुकानासमोर माणसं जमली होती, आणि नवल म्हणजे, सगळी वर बघत होती. दुकानाच्या पत्र्याच्या छपराला टेकून काहीतरी उभं होतं. त्यावर एक चादर घातली होती. ती पुरली नव्हती म्हणून वर आणखी एक.

"साहेब," मिस्त्री छातीवर हात ठेवून म्हणाला, "तुमचं माप एका फ्रेममध्ये बसेना. खूप बसवलं. पुढच्या चाकाचा चिमटा लांबवला, दांडा लांबवला. शेवटी म्हटलं, मापाशी बेइमानी नाही करायची. एका फ्रेमवर दुसरी फ्रेम चढवली." आणि त्याने चादरी ओढल्या.

मंडळी, मी आयुष्यात पुष्कळ खोटं बोललो आहे, पण हे खोटं असतं तर मी याहून लहान सांगितलं असतं. खाली ती जुनी काळी सायकल, आपल्या दोन चाकांवर. तिच्या खांद्यावर उभी दुसरी काळी सायकल, बिनचाकाची. चेन खालून वर गेलेली, एखाद्या विहिरीच्या रहाटासारखी. ब्रेकच्या सळ्या पडद्याच्या दांड्यांएवढ्या. आणि पार वरती, पाखरांच्या मुलुखात, तपकिरी कातड्याची रुंद, फुगीर, स्प्रिंगांवर डुलणारी सीट. उन्हात ती सिंहासनासारखी झळकत होती. तिच्यामागे गादी केलेलं कॅरियर होतं. हँडल मागे वळून सीटपाशी आलं होतं, जसे कुणी स्वागताला हात पसरावेत. गर्दीत कुणी हसलं नाही. एका माणसाने डोक्यावरची टोपी काढली.

तोळेसाहेबांनी मान मागे टाकून सीट शोधली. "यात... माप चुकलंय," ते कसंबसं म्हणाले.

"चुकलं?" मिस्त्रीने कागद पुढे केला. "साहेब, कागदावर अक्षर कुणाचं?"

अक्षर त्यांचंच होतं. दुसऱ्यांच्या मापात पाप शोधण्यात ज्याची हयात गेली त्याच्या स्वतःच्या हातचं, वर दोन बोटं वाढवलेलं. आणि सोमवार तर उद्यावर आलेला. एका दिवसात ती फ्रेम उतरवून पुन्हा जोडणं मिस्त्रीच्या बापाच्यानं होणार नव्हतं, कारण त्यात बढायांचाही वेळ धरावा लागे.

शिडी लावून साहेब पत्र्यावर चढले. पत्र्यावरून सीटवर. मिस्त्रीने खालून ढकललं आणि सायकल चालू लागली.

पहिल्या क्षणी त्यांनी डोळे मिटले होते. दुसऱ्या क्षणी उघडले, आणि मग मिटायचं राहूनच गेलं. ज्या रस्त्याने त्यांनी आयुष्य काढलं होतं तो रस्ता त्यांनी कधी बघितलाच नव्हता! भिंतींच्या पलीकडे अंगणं होती. लोकांच्या छपरांवर हरवलेले चेंडू होते, पिढ्यान्‌पिढ्यांचे, ऊन खात पडलेले. एका गच्चीवर मांजर आपल्या पिलांना अंघोळ घालत होती, तिने मान वर करून त्यांच्याकडे असं बघितलं जसं शेजाऱ्याकडे बघतात. झाडाच्या फांद्या खांद्याला लागून गेल्या, आणि झाडाला आतून वास असतो हे त्यांना या वयात कळलं. खालून माणसांच्या डोक्यांचे भोवरे सरकत होते. त्यात ज्यांना ते दणकट समजत होते असे कितीतरी जण वरून अगदी एकटे, लहान दिसत होते.

आणि पाठ? पाठ आहे की नाही हे बघायला त्यांनी हात मागे नेला. पाठ होती, ओळंब्यासारखी सरळ.

*

रविवारी ते घराच्या सज्जाचा कठडा धरून उतरले होते, सोमवारी त्याच सज्जातून सीटवर बसले. मागे मेहुण्याची मोटार, त्यात बायको. मेहुण्याने कधी नव्हे ती काच खाली केली होती, कारण काचेतून साहेबांचे फक्त जोडे दिसत होते.

"माझं म्हणणं..." तो सुरू झाला, मान वाकडी करून वर बघितलं, आणि थांबला.

"काय म्हणणं?" बहिणीने विचारलं.

"आठवून सांगतो."

पण त्याला आठवेना. चौकात लाल दिवा लागला तेव्हा तोळेसाहेबांनी सिग्नलच्या खांबाला मिठी मारली आणि दिव्याच्या कानाशी कान लावून उभे राहिले. पोलिसाने शिट्टी तोंडात घातली, काढली, पुन्हा घातली. कायद्यात ही बाब त्याला आठवत नव्हती. शेवटी त्याने सगळी वाहतूक अडवून धरली आणि हाताने त्यांना वाट दिली, जशी रुग्णवाहिकेला देतात. पहिल्या मजल्यावरच्या एका सज्जात एक गृहस्थ दात घासत होते. साहेब शेजारून गेले तसे ते ब्रश तोंडात ठेवून म्हणाले, "नमस्कार." दोघांच्याही आयुष्यातला तो सगळ्यात नैसर्गिक नमस्कार होता.

कचेरीच्या आवारात साहेब ताठ शिरले, आणि तिथे त्यांच्या लक्षात आलं की एक गोष्ट कुणीच मोजली नव्हती. चढायला सज्जा होता, उतरायला काय? थांबावं तर सायकल कलंडणार. पडलं तर पाठ पुन्हा काटकोनात, आणि पुढे निवृत्तीपर्यंत बंद काचा. ते आवारात गोल फिरू लागले. वॉचमन शेजारून धावू लागला.

"साहेब, स्टँडला लावा!"

"उतरता येत नाही!"

ते वळसा घालून परत येईपर्यंत वॉचमनने विचार केला. "साहेब, तशीही लावता येणार नाही. नियम आहे. एका कर्मचाऱ्याला एकच सायकल. खालची तुमची. वरची कुणाची?"

"दोन्ही मिळून एकच आहे!"

पुढच्या वळशाला: "मग वरची ज्याची असेल त्याची सही लागेल."

पुढच्या वळशाला: "तो कर्मचारी असेल तर हजर पाहिजे."

त्याच्या पुढच्या वळशाला वॉचमनला धाप लागली होती, म्हणून प्रश्न एका शिपायाने पुढे चालवला, आणि शिपाई दमल्यावर एका कारकुनाने. सगळ्या कचेऱ्यांत असंच असतं. माणसं बदलतात, प्रश्न तोच धावत राहतो. फाटकाशी मोटार उभी. मेहुणा खाली उतरलेला, तोंड उघडं. बायको पदराचं टोक मुठीत धरून उभी. साहेबांच्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले. आता पडलो, मग पडलो, असं झालं. बायको ओरडून काही सांगणार इतक्यात त्यांना समोर खिडकी दिसली.

कचेरीची ती इमारत जुनी. तळमजला निम्मा जमिनीत खचलेला, आणि त्यामुळे पहिला मजला बुटका. खिडकीला कधीकाळी गज होते, आता नुसती भोकं. आत मोठे साहेब चहाचा कप ओठाला लावून बसले होते. तोळेसाहेबांनी ब्रेकच्या सळ्या ओढल्या, सायकल भिंतीला घासत कुरकुरत आली आणि खिडकीशी टेकून उभी राहिली. त्यांनी चौकटीला धरलं. श्वास घेतला. आणि इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांच्या तोंडून जे बाहेर पडलं ते असं:

"आत येऊ का, साहेब?"

मोठ्या साहेबांनी, तेही सवयीचेच गुलाम, कपातून मान वर न करता म्हटलं, "या."

आणि तोळेसाहेब आले. सीटवरून एक पाय चौकटीत, दुसरा पाय टेबलाच्या कडेवर, तिथून फरशीवर. ना वाकले, ना कण्हले. ओळंब्यासारखे सरळ चालत आपल्या खुर्चीपाशी गेले, खुर्ची ओढली आणि बसले. मोठ्या साहेबांनी कप खाली ठेवला, दाराकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, आणि पुन्हा कप उचलला. त्यात चहा उरला नव्हता हे त्यांना बऱ्याच वेळाने कळलं.

खाली आवारात सगळ्यांच्या माना खिडकीकडे वळलेल्या होत्या. मग मेहुण्याला वाचा फुटली. "पण उतरले कुठे? भाऊजी उतरलेच नाहीत!"

"उतरायचं मी म्हटलंच नव्हतं," बहीण वर बघत म्हणाली. "मी पोचायचं म्हटलं होतं. तू जा, दादा. मी चालत जाईन."

मेहुणा गाडीत बसला, काचा वर केल्या आणि बराच वेळ तसाच बसून राहिला. आत थंड हवा होती. ऐकायला कुणी नव्हतं. आणि असं सांगतात की त्या दिवशी तो स्वतःही स्वतःला काही सांगत नव्हता. हजेरीपटाच्या कारकुनाने मात्र त्या दिवशी तोळेसाहेबांची गैरहजेरी लावली, कारण इमारतीच्या दारातून आत आलेल्या कर्मचाऱ्यांनाच हजर समजावं असं परिपत्रक होतं. साहेबांनी ते आनंदाने मान्य केलं. हजर तर ते त्या दिवशी खरोखरच नव्हते.

*

संध्याकाळी ते खिडकीतून सायकलवर बसले आणि घरी निघाले. रस्त्याकडेला लोक उभे राहात, तोंड वर करून काहीबाही सांगत. गादी बदला म्हणे, झेंडा लावा म्हणे, वीजतारांपासून जपा म्हणे. पण सल्ला हा पाण्यासारखा असतो, उताराकडे धावतो. वर चढत नाही. साहेबांपर्यंत येता येता त्याचा नुसता कलकल आवाज उरे, ओढ्यासारखा. चाकांचा सूंऽऽ सूर चालू होता. उन्हं कलली होती. छपरांवरचे चेंडू एकेक करून सोनेरी होत होते. त्यांचा वेळ त्यांना परत मिळाला होता, आणि तो पूर्वीपेक्षा उंच होता.

घराच्या सज्जात बायको उभी होती. साहेबांनी कठड्याला हात लावला आणि सायकल थांबवली. दोघं समोरासमोर आले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण अशा उंचीवर, अशा हवेत ती कधी समोर आली नव्हती.

"पाठ?" तिने विचारलं.

"ताठ."

ती कॅरियरकडे बघत राहिली. त्यावरच्या मऊ गादीकडे. भाजीसाठी केलेल्या. तिने चपला काढल्या, पदर खोचला, आणि तोळेसाहेबांना काही कळायच्या आत ती कठड्यावरून पाय टाकून मागे बसली.

"अगं..."

"चला."

साहेबांना वाटलं, संपलं. आता हा वेळही गेला. आता इथेही गॅस, गवळी, शेजारीण, दादा. त्यांनी जड मनाने पायडल मारलं. गल्लीच्या तोंडाशी आले. ती काही बोलली नाही. पेठेत वळले. अंगणं उलगडली, गच्चीवरची मांजर दिसली, झाडाची फांदी दोघांच्याही केसांतून गेली. तेवढ्यात रस्त्यावरचे दिवे लागले, अगदी त्यांच्या कानाशी, एकामागून एक, जणू कुणी पुढे पळत जाऊन लावत होतं.

"अहो," ती हळूच म्हणाली.

"काय?"

"काही नाही."

आणि खरंच काही नाही. साहेबांनी इतक्या वर्षांत तिच्या तोंडून हे दोन शब्द पहिल्यांदाच पूर्णविरामासकट ऐकले. पाठीला तिचा हात लागलेला होता, एवढंच. मोठा फेरा घेऊन ते पुन्हा घरापाशी आले. सज्जाचा कठडा जवळ आला. तोळेसाहेबांनी हात पुढे केला.

"इतक्यात धरू नका," मागून आवाज आला.

त्यांनी हात मागे घेतला.